पक्षाघातानंतरचा हात आणि मेंदूच्या प्रतिमांचे भाकीत

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा एकाएकी तुटला किंवा तेथील रक्तवाहिनी फुटून रक्त मेंदूत साचले, की शरीराच्या एका बाजूची ताकद, वाचा, दृष्टी, तोल यांपैकी काही ना काही हरपते. वैद्यकाच्या मराठीत या विकाराला पक्षाघात म्हणतात. घरोघरी त्यालाच अर्धांगवायू, लकवा किंवा हल्ली नुसते ‘ब्रेन स्ट्रोक’ असे म्हटले जाते. पहिल्या दोन-तीन दिवसांत जिवाचा धोका टळला, की रुग्णाचे आणि त्याच्या माणसांचे सारे लक्ष पुढच्या दिवसांकडे लागते: हात पुन्हा चालेल का, चालला तर घास तोंडाशी नेण्याइतका की सही करण्याइतका, बोलणे परत येईल का, आणि हे सारे किती महिन्यांत. या प्रश्नांची उत्तरे मेंदूच्या प्रतिमांमधून, म्हणजे सीटी स्कॅन आणि एमआरआय यांतून, आगाऊ काढता येतात का, याचा शोध गेली काही दशके जगभर चालू आहे. त्यातून बरेच खात्रीचे ज्ञान हाती आले आहे, मात्र रुग्णाच्या घरापर्यंत ते क्वचितच पोहोचते.

या प्रश्नाचा आवाका समजण्यासाठी दूर जाण्याची गरज नाही. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ व २००६ या दोन वर्षांत मुंबई महापालिकेच्या एच विभागातील, म्हणजे वांद्रे ते सांताक्रूझ या पट्ट्यातील, सुमारे दीड लाख लोकवस्तीची पाहणी केली, तेव्हा आयुष्यातला पहिलाच झटका आलेले ४५६ रुग्ण आढळले; वर्षाला दर लाख लोकांमागे १४५ असे हे प्रमाण होते आणि रुग्णांचे सरासरी वय ६६ वर्षे होते. त्यांपैकी सुमारे ८० टक्के रुग्णांत रक्तपुरवठा तुटला होता, जवळपास १८ टक्क्यांत रक्तस्राव झाला होता, आणि झटक्यापासून २८ दिवसांच्या आत जवळजवळ ३० टक्के रुग्ण दगावले. उरलेले सत्तर टक्के जगले, आणि सुधारणेचा प्रश्न खऱ्या अर्थाने त्यांचा आहे. या पाहणीतील आणखी एक आकडा येथे महत्त्वाचा आहे: ४५६ पैकी ४०७ रुग्णांचे, म्हणजे दहांतल्या जवळपास नऊ जणांचे, निदान सीटी स्कॅनच्या आधाराने झाले होते. प्रतिमा काढण्याची सोय वीस वर्षांपूर्वीच बहुतेकांच्या आवाक्यात आली होती. त्या प्रतिमेला निदानापलीकडे काही विचारण्याची रीत मात्र पडली नाही.

ठाण्याच्या ईशान्य कडेला, कापूरबावडी आणि कशेळीची खाडी यांच्यामध्ये वसलेले बाळकुम हे या दृष्टीने पाहण्याजोगे ठिकाण आहे. मूळच्या आगरी-कोळी वस्तीच्या या गावाभोवती, जुन्या आग्रा रस्त्याच्या दोन्ही अंगांना, आता उंच इमारती उभ्या आहेत, आणि त्यांत उतारवयाच्या, रक्तदाब व मधुमेह असलेल्या माणसांची संख्या वाढती आहे. येथला रुग्ण माजिवडा-घोडबंदर पट्ट्यातील एखाद्या खासगी रुग्णालयात किंवा कळव्याच्या महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात जातो, तेथे त्याचा सीटी स्कॅन आणि पुष्कळदा एमआरआयही होतो, आणि घरी येताना त्याच्याबरोबर फिल्मचा मोठा लिफाफा येतो. प्रतिमेवरून काढलेल्या आकड्याला भविष्य मानण्याची सवय या वस्तीला नवी नाही. बाळकुम-साकेत येथील ग्लोबल इम्पॅक्ट हबच्या इमारतीत महापालिकेने जून २०२० मध्ये कोविड रुग्णालय उभारले, त्या काळात छातीच्या सीटी स्कॅनचा ‘स्कोअर’ पंचविसांपैकी किती आला, हा प्रश्न घराघरांत विचारला जात होता, आणि त्या एका आकड्याने कित्येकांची झोप उडवली होती. मेंदूच्या प्रतिमेकडेही माणसे त्याच नजरेने पाहतात, म्हणून ती प्रतिमा नेमके काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे नीट उलगडणे जरुरीचे आहे.

सीटी स्कॅन म्हणजे क्ष-किरणे अनेक कोनांतून पाठवून, ती ऊतींमध्ये किती शोषली जातात हे मोजून, संगणकाने उभे केलेले आडवे छेद. १९७१ साली लंडनमधील ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा मेंदू असा पाहिला गेला आणि १९७९ मध्ये गॉडफ्रे हाउन्सफील्ड व ॲलन कॉर्मॅक यांना त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. ताजे रक्त सीटीवर पांढरे दिसते, त्यामुळे रक्तस्राव आहे की नाही याचा निकाल काही मिनिटांत लागतो आणि गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे की नाही हे त्यावरून ठरते. रक्तपुरवठा तुटल्याने मरू लागलेला भाग मात्र पहिल्या काही तासांत सीटीवर अगदी पुसट असतो; म्हणूनच ‘स्कॅन नॉर्मल आला’ असे ऐकून नातेवाइकांना वाटणारा दिलासा अनेकदा फसवा ठरतो. ही पुसट चिन्हे मोजण्यासाठी कॅनडातील अल्बर्टा प्रांतातल्या डॉक्टरांनी २००० साली दहा गुणांची एक पद्धत मांडली, तिला ‘ॲस्पेक्ट्स’ म्हणतात. मेंदूच्या मधल्या मोठ्या धमनीच्या हद्दीचे दहा भाग कल्पून, ज्या ज्या भागात बिघाड दिसेल त्याचा एकेक गुण वजा करायचा, अशी ही साधी रीत आहे, आणि उरलेले गुण सात किंवा त्याहून कमी असले तर रुग्ण परावलंबी राहण्याची शक्यता बरीच वाढते.

एमआरआयमध्ये क्ष-किरणे नसतात. प्रबळ चुंबकीय क्षेत्रात शरीरातील पाण्याच्या रेणूंमधील हायड्रोजनकडून येणारे संकेत त्यात टिपले जातात. पक्षाघातासाठी त्यातला सर्वांत मोलाचा प्रकार ‘डिफ्यूजन’ हा आहे. पाण्याचे रेणू ऊतीत सतत इकडेतिकडे सरकत असतात. रक्त थांबले की पेशींना ऊर्जा मिळत नाही, पेशीच्या आवरणावरील सोडियम बाहेर टाकणारे पंप बंद पडतात, पाणी पेशीत शिरते, पेशी फुगतात आणि त्यांच्यामधली जागा अरुंद होऊन पाण्याचे सरकणे मंदावते. हे मंदावणे डिफ्यूजनच्या चित्रात लख्ख पांढऱ्या ठिपक्यासारखे दिसते, आणि तेही सीटीवर काही दिसण्याच्या कितीतरी आधी.

पांढरा भाग जितका मोठा तितकी हानी जास्त आणि सुधारणा कमी, असे सहज वाटते, आणि सरसकट पाहिल्यास ते चूकही नाही. एकेका रुग्णाच्या बाबतीत मात्र हा हिशोब वारंवार फसतो. मेंदूच्या पुढल्या भागात लिंबाएवढी जागा निकामी झालेला माणूस तिसऱ्या महिन्यात स्वतःच्या हाताने जेवतो, आणि मेंदूच्या खोल भागात जेमतेम दीड सेंटिमीटरचा डाग असलेल्या माणसाची मूठ वर्षानंतरही उघडत नाही. याचे कारण हालचालींच्या आदेशांच्या वाटेत आहे. मेंदूच्या पृष्ठभागावरील राखाडी थरात, कानाच्या वरून डोक्याच्या मध्यापर्यंत पसरलेल्या एका पट्ट्यात, हालचालींचे आदेश निघतात. तेथील चेतापेशींचे लांब तंतू पंख्यासारखे एकवटत खाली येतात, अंतःसंपुट नावाच्या चिंचोळ्या पांढऱ्या पट्टीतून पुढे सरकतात, मेंदूच्या देठातून उतरतात, बहुतांशी बाजू ओलांडतात आणि मेरुरज्जूत शिरून हातापायांच्या स्नायूंना चालवणाऱ्या पेशींपर्यंत पोहोचतात. भिवंडीच्या गोदामांकडची सारी अवजड वाहने कशेळीच्या पुलावर एकवटतात, तसे हे तंतू अंतःसंपुटात एकवटलेले असतात. मोकळ्या माळावरचा एखादा रस्ता खचला तर वाहने वळसा घालून जातात, पूल खचला तर सारेच अडते. म्हणून डाग केवढा आहे यापेक्षा तो या चेतापथावर पडला आहे का, आणि पडला असेल तर पथाचा किती भाग त्याने व्यापला आहे, हे पाहणे अधिक फलदायी ठरते. संशोधकांनी निरोगी माणसांच्या प्रतिमांवरून या पथाचा नकाशा तयार केला, रुग्णाचा डाग त्यावर ठेवला आणि दोन्ही जेथे एकमेकांवर येतात तेवढा भाग मोजला. पथ जेथे अरुंद होतो तेथील हानीला अधिक वजन दिले, तर हा आकडा डागाच्या एकूण आकारापेक्षा हाताच्या सुधारणेचा चांगला अंदाज देतो.

याच पथाकडे आणखी बारकाईने पाहण्याची एक तऱ्हा आहे. तंतूंच्या जुडीत पाणी तंतूंच्या लांबीच्या दिशेने सहज सरकते आणि आडवे सरकताना अडखळते. १९९४ मध्ये पीटर बॅसर आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्या सरकण्याची ही दिशा गणिताने टिपण्याची रीत दिली, तिला ‘डिफ्यूजन टेन्सर’ प्रतिमांकन म्हणतात. जुडी शाबूत असेल तर दिशेचा हा पक्षपात ठळक असतो. तंतू तुटले, की तुटलेल्या जागेपासून खालचा भागही काही दिवसांत-आठवड्यांत झिजत जातो आणि पक्षपात कमी होतो. ऑगस्टस वॉलर याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला बेडकाच्या चेतांमध्ये पाहिलेली ही झीज आज जिवंत माणसाच्या मेंदूत, कातडीला ओरखडाही न काढता, मोजता येते. दोन्ही बाजूंच्या अंतःसंपुटांतील आकड्यांची तुलना केली, की दुखावलेल्या बाजूला किती तंतू वाचले असावेत याचा अंदाज येतो.

यापुढची कथा या विषयातली सर्वांत बोधप्रद आहे. न्यूझीलंडमधील ऑकलंडच्या कॅथी स्टिनियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये ‘प्रेप’ या नावाची पायरीपायरीची पद्धत मांडली. पहिल्या पायरीवर, झटक्यानंतर तीन दिवसांच्या आत, रुग्णाच्या खाटेशीच दोन हालचाली तपासायच्या: दंड बाजूला उचलता येतो का आणि मिटलेली बोटे उघडता येतात का. प्रत्येक हालचालीला शून्य ते पाच गुण. हालचालच नसेल तर शून्य, स्नायूची नुसती लव हलावी तशी थरथर दिसली तर एक, वजनाचा भार काढून घेतल्यावर हालचाल झाली तर दोन, गुरुत्वाकर्षणाविरुद्ध झाली तर तीन, तपासणाऱ्याने थोडा विरोध केल्यावरही झाली तर चार, आणि पूर्वीसारखी असेल तर पाच. दुसऱ्या पायरीवर, ज्यांचे गुण कमी आहेत त्यांच्या डोक्यावर कॉइल धरून चुंबकीय स्पंद द्यायचा आणि हाताच्या स्नायूत त्याचा पडसाद उमटतो का, हे विजाग्रांनी पाहायचे; पडसाद उमटला तर मेंदूपासून हातापर्यंतची वाट, कितीही क्षीण असली तरी, अद्याप खुली आहे असे ठरते. अशा स्पंदाने माणसाचा मेंदू उत्तेजित करण्याची युक्ती ब्रिटनमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी १९८५ मध्ये दाखवली होती. पडसाद न उमटलेल्या रुग्णांसाठीच तिसरी पायरी होती, आणि ती म्हणजे एमआरआयवरून अंतःसंपुटाच्या दोन बाजूंची तुलना.

पाच वर्षांनी, २०१७ मध्ये, याच गटाने दोनशेहून अधिक रुग्णांच्या नोंदी पुन्हा चाळल्या आणि पद्धतीची सुधारित आवृत्ती काढली, तेव्हा तिसरी पायरी गळून गेली. पडसाद नसलेल्या रुग्णांना वेगळे करण्याचे काम एमआरआयइतकेच चांगले एका साध्या तपासणीने होत होते. शुद्ध, नजर, चेहरा, हातपाय, वाचा अशा बाबींना गुण देऊन पक्षाघाताची तीव्रता ठरवणारी ही तपासणी जगभरच्या रुग्णालयांत रोज वापरली जाते. तिसऱ्या दिवशी तिचे गुण सातपेक्षा कमी असतील तर थोडी हालचाल परतण्याची आशा, सात किंवा अधिक असतील तर हात फारसा उपयोगी न होण्याची शक्यता, असा निकष ठरला. या सुधारित पद्धतीने रुग्णाचा हात तीन महिन्यांनी उत्तम, चांगला, मर्यादित की अल्प अशा चारपैकी कोणत्या गटात असेल, हे सुमारे ७५ टक्के वेळा बरोबर सांगता आले. ज्यांनी प्रतिमांच्या साहाय्याने भाकीत करण्याचा ध्यास घेतला, त्यांनीच आपल्या पद्धतीतून प्रतिमा काढून टाकली, हा शास्त्रीय प्रामाणिकपणा आदराने नोंदवावा असा आहे. डेन्मार्कमध्ये हीच पद्धत झटक्यानंतर दोन आठवड्यांनी लावून पाहिली तेव्हा अचूकता ६० टक्क्यांच्या आसपास उतरली. म्हणजे ती ज्या वेळेसाठी बनवली त्याच वेळी वापरायला हवी.

त्याआधी २०१० मध्ये नेदरलँड्समधील रिन्स्के नाईलंड, गर्ट क्वाकेल आणि सहकाऱ्यांनी १८८ रुग्णांच्या अभ्यासातून याच दोन हालचालींचे सामर्थ्य दाखवले होते. ७२ तासांच्या आत ज्यांना दंड थोडासा बाजूला नेता आला आणि बोटे थोडी उघडता आली, त्यांच्या हातात सहा महिन्यांनी काही ना काही कौशल्य परतण्याची शक्यता ९८ टक्के होती. ज्यांना दोन्ही जमले नाही त्यांच्यात ती २५ टक्के होती. बोटे उघडण्याला एवढे महत्त्व का, याचे कारण शरीररचनेत आहे: मूठ आवळणे मेंदूच्या देठातून येणाऱ्या इतर वाटांनीही बऱ्यापैकी जमते, एकेक बोट सरळ करणे मात्र जवळजवळ संपूर्णपणे वर सांगितलेल्या चेतापथावर अवलंबून असते. रुग्णाने आपला हात घट्ट धरला म्हणून घरची माणसे हरखून जातात. त्यांनी खरे तर त्याची मूठ उघडते का ते पाहायला हवे.

याच काळात एक आकर्षक नियम पुढे आला होता. न्यूयॉर्कमधील श्याम प्रभाकरन, जॉन क्राकाउअर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये असे मांडले, की तीन महिन्यांत बहुतेक रुग्ण आपल्या गमावलेल्या क्षमतेपैकी सुमारे ७० टक्के परत मिळवतात, मग सुरुवातीची हानी कमी असो वा जास्त. हाताच्या हालचाली मोजण्याच्या ६६ गुणांच्या एका प्रचलित चाचणीत कोणी ३० गुण गमावले असतील तर सुमारे २१ परत येतील, असा त्याचा अर्थ. ज्यांना हा नियम लागू पडत नाही त्यांचा चेतापथ प्रतिमेत जास्त दुखावलेला दिसतो, असेही आढळले, आणि क्षणभर सारे कोडे सुटल्यासारखे वाटले. २०१९ मध्ये मात्र लंडनमधील थॉमस होप, कॅथी प्राइस आणि सहकाऱ्यांनी, तसेच कॅनडातील आणखी एका गटाने, या नियमाच्या गणितातला दोष दाखवला: सुरुवातीचे गुण समीकरणाच्या दोन्ही बाजूंना येत असल्याने त्यांच्यात दृढ संबंध असल्याचा भास आपोआप निर्माण होतो, आणि कमाल गुणांवर मर्यादा असल्याने तो आणखी वाढतो. नियम पूर्णपणे खोटा ठरला नाही, पण त्याच्या अचूकतेचा दावा बराच खाली आला. असे आकडे रुग्णालयाच्या भाषणांतून आणि मोबाइलवरच्या संदेशांतून ‘सत्तर टक्के तर येणारच’ अशा आश्वासनांच्या रूपाने फिरतात, तेव्हा त्यामागचा हा वादही वाचकाला ठाऊक असावा.

हाताची वाट एक आणि ठरलेली असल्याने तिचे भाकीत तुलनेने सोपे आहे. स्मरण, अवधान आणि भाषा यांची गोष्ट निराळी. मेंदूचा एक भाग निकामी झाला की त्याच्याशी जोडलेले, पण स्वतः न दुखावलेले, दूरचे भागही मंदावतात, हे कॉन्स्टँटिन फॉन मोनाकोव्ह या शास्त्रज्ञाने १९१४ मध्येच मांडले होते. रुग्ण एमआरआय यंत्रात नुसता पडून असताना मेंदूच्या निरनिराळ्या भागांतील रक्तप्रवाहाचे सूक्ष्म चढउतार एकमेकांशी किती जुळतात हे मोजून आज ते प्रत्यक्ष पाहता येते. अमेरिकेतील सेंट लुईस येथे मॉरिझिओ कॉर्बेटा यांच्या गटाने २०१६ मध्ये असे दाखवले, की हातपाय आणि दृष्टी यांतील दोष डाग कोठे आहे यावरून अधिक चांगला कळतो, तर स्मरणातील दोष या दूरच्या जोडण्या किती बिघडल्या आहेत यावरून. साध्या फिल्मवर या जोडण्या दिसतच नाहीत. त्यामुळे हातपाय ठीक असूनही ‘हिशोब जमत नाही, नावे आठवत नाहीत’ अशी रुग्णाची तक्रार असेल, तर ती फिल्ममध्ये काही विशेष नाही एवढ्यावर झटकून टाकणे अन्यायाचे आहे.

भाषेच्या बाबतीत लंडनमधील कॅथी प्राइस यांच्या ‘प्लोरास’ या प्रकल्पाने एक वेगळी वाट धरली आहे. पक्षाघातानंतर वाचा गेलेल्या वा बिघडलेल्या शेकडो रुग्णांच्या एमआरआय प्रतिमा आणि त्यांच्या बोलण्याच्या चाचण्या साठवून ठेवायच्या, आणि नवा रुग्ण आला की त्याच्यासारखाच डाग असलेल्या जुन्या रुग्णांचे बोलणे कोणत्या महिन्यात कितपत सुधारले हे पाहून त्याचा अंदाज बांधायचा, अशी ही कल्पना आहे. तिच्या यशाचा आधार मात्र साठवलेले रुग्ण कोण आहेत यावर आहे. घरात आगरी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी आणि कचेरीत इंग्रजी वापरणाऱ्या बाळकुमच्या माणसाच्या मेंदूतील भाषेची मांडणी एकभाषी इंग्रजी माणसासारखीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. या संदर्भात हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी केलेला, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास फार महत्त्वाचा आहे: पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांपैकी ज्यांना एकाहून अधिक भाषा येत होत्या त्यांच्यातील ४०.५ टक्क्यांची बौद्धिक क्षमता नंतर शाबूत राहिली, तर एकच भाषा येणाऱ्यांत हे प्रमाण १९.६ टक्के होते, आणि वाचाघाताच्या प्रमाणात मात्र दोन्ही गटांत फरक आढळला नाही. परदेशी रुग्णांवर घडवलेली भाकिताची साधने येथे जशीच्या तशी लावू नयेत, याला याहून चांगला पुरावा नको. त्यात मेंदूच्या आतल्या धमन्या अरुंद होऊन येणारा पक्षाघात आशियात पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त आढळतो, हा फरकही लक्षात घ्यावा लागतो.

जुन्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांच्या एमआरआय अहवालात, ताज्या डागाच्या उल्लेखानंतर, ‘जुने इस्केमिक बदल’ अशी एक ओळ पुष्कळदा असते आणि ती वयोमानाची खूण म्हणून वाचली जाते. मेंदूच्या आतील पांढऱ्या भागात वर्षानुवर्षे साचलेले हे बारीक डाग म्हणजे सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या झिजेचा पुरावा असतो, आणि ते जितके जास्त तितकी नव्या आघातातून सावरण्याची शिल्लक ताकद कमी, असे अनेक अभ्यासांत दिसले आहे. भाकिताच्या दृष्टीने ती ओळ दुर्लक्षिण्याजोगी नाही.

प्रतिमा सर्वांत जास्त फसवते ती रोगाचे कारण वेगळे असले म्हणजे. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांमध्ये गुठळी झाली, जी बाळंतपणानंतरच्या काही आठवड्यांत तरुण स्त्रियांना होऊ शकते, तर चित्रात सूज आणि रक्तस्राव यांचा भयंकर पसारा दिसतो. तरीही २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ६२४ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात सुमारे चार-पंचमांश रुग्ण पूर्णपणे किंवा किरकोळ उणिवेसह बरे झाले. रक्तस्रावाच्या पक्षाघातातही सुरुवातीची बरीचशी अशक्तता साचलेल्या रक्ताच्या दाबामुळे असते, तंतू तुटल्यामुळे नव्हे. रक्त शोषले गेले की पहिले काही दिवस निभावलेला रुग्ण कधी कधी अपेक्षेपेक्षा पुष्कळ सुधारतो. म्हणूनच अमेरिकेतील हृदय व पक्षाघात संघटनेच्या मार्गदर्शक सूचना सांगतात, की मेंदूत रक्तस्राव झालेल्या रुग्णाचे उपचार मर्यादित करण्याचा नवा निर्णय निदान दुसरा पूर्ण दिवस उलटेपर्यंत पुढे ढकलावा. यामागचे कारण गंभीर आहे: वाईट भाकीत झाले म्हणून उपचार आवरते घेतले आणि त्यामुळे रुग्ण गेला, तर भाकीत खरे ठरल्यासारखे दिसते, आणि पुढच्या रुग्णासाठी तेच पुरावा बनते.

मग भाकिताचा उपयोग काय? ऑकलंडमध्ये उपचार करणाऱ्यांना प्रत्येक रुग्णाच्या हाताचे भाकीत कळवले जाऊ लागले, तेव्हा रुग्णांचा रुग्णालयातील मुक्काम सुमारे आठवडाभराने कमी झाला आणि हाताची सुधारणा त्यामुळे घटली नाही. ज्याचा हात पूर्ण येण्याची खात्री आहे त्याला प्रत्यक्ष कामातला सराव, ज्याचा मर्यादित येणार आहे त्याला ताकद आणि ताठरपणा यांवरचे काम, आणि ज्याच्या हाताची आशा थोडी आहे त्याचा खांदा निखळू नये, हात दुखू नये यासाठीची काळजी व दुसऱ्या हाताने आंघोळ, जेवण, कपडे करण्याचे शिक्षण, अशी ही वाटणी आहे. फिजिओथेरपिस्ट घरी बोलावून पैसे मोजणाऱ्या कुटुंबाला या वाटणीची गरज परदेशातल्यापेक्षा जास्त आहे, कारण सहा महिने चुकीच्या ध्येयावर खर्च करणे त्यांना परवडणारे नाही. व्यायाम कोणाच्या हाती सोपवावा, याबद्दलही भारतातच एक मोठा पुरावा उपलब्ध आहे: देशातील १४ रुग्णालयांत १,२५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘अटेंड’ या चाचणीत, घरच्या माणसांना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून पुनर्वसन करून घेतल्याने सहा महिन्यांनंतरच्या मृत्यू वा परावलंबनाच्या प्रमाणात फरक पडला नाही, दोन्ही गटांत ते ४७ टक्के होते. घरच्यांच्या मायेला पर्याय नाही, पण केवळ घरच्यांना प्रशिक्षण देऊन भागते असे या चाचणीत दिसले नाही, आणि ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या महापालिकांनी वस्तीपातळीवर फिजिओथेरपीची केंद्रे वाढवावीत या मागणीला तो बळ देणारा आहे.

एका बाबतीत प्रतिमांचे भाकीत निर्विवाद उपयोगी ठरले आहे, आणि ती म्हणजे पहिल्या चोवीस तासांतील निवड. मेंदूचा किती भाग मेला आहे आणि किती भाग उपाशी असला तरी अद्याप जिवंत आहे, हे रक्तप्रवाहाच्या प्रतिमांवरून वेगळे करता येते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘डॉन’ आणि ‘डिफ्यूज-३’ या चाचण्यांनी सिद्ध केले, की असा वाचवण्याजोगा भाग मोठा असलेल्या निवडक रुग्णांत गुठळी नळीवाटे काढण्याचा उपचार झटक्यानंतर सोळा, कधी चोवीस तासांपर्यंतही फायद्याचा असतो. गुठळी विरघळवणाऱ्या औषधाची नेहमीची मुदत मात्र साडेचार तासांचीच आहे, आणि कापूरबावडीच्या चौकातली कोंडी ती मुदत खाते. रुग्ण शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ लिहून ठेवणे आणि १०८ क्रमांकाला तत्काळ फोन करणे हे भाकिताच्याही आधीचे काम आहे.

ठाण्यातल्या, कळव्यातल्या, कल्याण-डोंबिवलीतल्या प्रत्येक रुग्णालयाने पक्षाघाताच्या रुग्णाच्या डिस्चार्ज कार्डावर, स्कॅनच्या अहवालाशेजारी, तिसऱ्या दिवशीचे दंड उचलण्याचे आणि बोटे उघडण्याचे गुण लिहावेत. त्याला यंत्र लागत नाही आणि पाच मिनिटांहून अधिक वेळही लागत नाही. कार्डावर ते दोन आकडे दिसले नाहीत, तर नातेवाइकांनी रुग्ण घरी नेण्याआधी ते डॉक्टरांकडून मागून घ्यावेत आणि घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टला पहिल्याच दिवशी दाखवावेत.